पाऊणकी आणि संगणक

तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे गणित आहे. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकली त्यांना या हिशेबाला कागद लागत नाही. आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या वरळी कोळीवाड्यातील वृद्ध नाखव्यालाही तो लागत नाही. गणित अर्थातच ढोबळ आहे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या १५ तिथींत भरतीची वेळ १२ तासांनी पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणकी मात्र ४५ मिनिटेच धरते. दर तिथीला तीन मिनिटांची चूक साचत जाते आणि पौर्णिमेला हिशेबाचे उत्तर सव्वाअकरा येते, तेव्हा भरती असते बाराच्या आसपास. दर्यावर जाणाऱ्या माणसाला ही चूक ठाऊक असते. ती कोणत्या बाजूला होते, पंधरवड्याच्या कोणत्या दिवशी वाढते आणि तिच्यासाठी पदरी किती वेळ राखून ठेवायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गणित अपुरे असूनही तो त्या गणिताचा धनी असतो.

संगणकाविषयी सामान्य माणसाची जी कुरकुर आज घरोघर आणि कचेरी-कचेरीत ऐकू येते, तिचे मूळ नेमके येथे शोधले पाहिजे. ही कुरकुर म्हणजे नव्याची भीती, अडाणीपणा किंवा वयोमानाने आलेला हट्ट, असे समजून तिची बोळवण केली जाते. वस्तुतः तक्रार निराळी आहे. पूर्वीच्या साधनांतील चूक माणसाला दिसत होती आणि ती दुरुस्त करणारा हात त्याच्या ओळखीचा होता. आताच्या साधनांतील चूक दिसत नाही. दिसली तर ती कोणाची हे कळत नाही. आणि कळले तरी ती सुधारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचे उत्तर समोर बसलेल्या कारकुनापाशीही नसते.

कोळी समाज यंत्राला बिचकतो, हा शहरी सुशिक्षितांचा एक लाडका गैरसमज आहे. इंग्रजांनी बांधलेला वरळीचा किल्ला, गोल्फादेवीचे देऊळ आणि दाटीवाटीची घरे एवढेच पाहून परतणाऱ्यास हा गावठाणाचा तुकडा काळाने मागे ठेवलेला वाटतो. प्रत्यक्षात गेल्या सत्तर वर्षांत येथील माणसाने आपल्या धंद्याची जवळजवळ सगळी अवजारे बदलली आहेत. झाडांच्या सालीच्या काढ्यात पुनःपुन्हा बुडवावी लागणारी सुताची जाळी गेली, नायलॉनची आली. शिडे उतरली, डिझेलची इंजिने चढली. किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागची टेकडी एका रेषेत धरून मासळीची जागा शोधणारा तांडेल आज जीपीएसचा आकडा वाचतो. या शेवटच्या यंत्राची कथा तर मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दामच चूक पेरून ठेवली होती. तिच्यामुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखविले जाई. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकण्यात आली आणि जगभरच्या छोट्या होड्यांना हे यंत्र एकदम उपयोगी पडू लागले. चूक कोठे बसली होती, ती कोणी घातली आणि कोणी काढली, यात होडीवाल्याचा काडीचाही संबंध नव्हता. येणाऱ्या काळाची चुणूकच होती ती.

इंजिनाचे तसे नसते. ते बिघडण्यापूर्वी आवाज बदलते. तेलात पाणी गेले की धूर पांढरा होतो आणि होडीवरचा पोरसवदा खलाशीही कान टवकारतो. दुरुस्त करणारा माणूस त्याच गल्लीत राहतो. काम बिघडवले तर दुसऱ्या दिवशी बंदरावर त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. यंत्रासोबत यंत्राच्या बिघाडाची विद्याही गावात आली, म्हणून यंत्र गावचे झाले.

नोंदीचे यंत्र मात्र गावचे झालेले नाही. 'वरळीकर' हे येथील आडनाव घ्या. मराठीत ते एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत कोणी ते डब्ल्यूने सुरू करतो, कोणी व्हीने. पुढे अ लिहायचा की ओ, हा आणखी एक फाटा. शिधापत्रिकेवर एक रूप, बँकेच्या पासबुकात दुसरे, आधार कार्डावर तिसरे. माणसाच्या डोळ्यांना ही तिन्ही एकच दिसतात. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. 'कोळी' या आडनावाची गत याहून वाईट. रोमन लिपीपाशी 'ळ' नाही, म्हणून तेथे 'ल' येतो. आणि तीच नोंद यंत्राने पुन्हा देवनागरीत आणली की 'कोळी'चा 'कोली' होतो. ज्या अक्षरावर एका जातीचे, एका धंद्याचे आणि मुंबईच्या आद्य रहिवाशांचे नाव उभे आहे, ते अक्षरच वाटेत गळून पडते. (मराठी टंकाला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद नीट दाखवता यायलाही काही वर्षे जावी लागली, तेव्हा कोळ्यांचे नाव आणि कोळ्यांचे घर, दोन्ही एकाच रोगाचे रोगी म्हणायचे.) हा दोष संगणकाच्या शक्तीचा मुळीच नाही. देवनागरीतील 'ळ'ला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतःचा क्रमांक आहे. मूळ नोंद मराठीत ठेवावयाची आणि रोमन रूप तिच्यावरून काढावयाचे, एवढा निर्णय कोणी तरी करावयास हवा होता. तो झाला नाही, कारण तक्ता आखणाऱ्याच्या मनात अर्जदाराचे नाव आधीच रोमन लिपीत होते.

नावातून सुटका झाली तर बोटे आडवी येतात. बर्फात हात घालून, कोयत्यावर मासळी कापून आणि मीठ-पाणी उपसून ज्या बाईने ४० वर्षे काढली, तिच्या बोटांवरील रेषा झिजतात. ठसा जुळत नाही. अंगमेहनत करणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत ही अडचण देशभर आढळली आहे. आधार प्राधिकरणाने २०१७ साली परिपत्रक काढून ठसा न जुळल्यास अन्य मार्गाने खातरजमा करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही, ठसा जुळला नाही म्हणून कोणाचा लाभ तोडू नये, असाच सूर आहे. पण परिपत्रक असते दिल्लीत आणि यंत्र असते दुकानाच्या फळीवर. यंत्राच्या पडद्यावर 'अन्य मार्ग' नावाची कळ नसेल, तर निकाल कितीही उदार असो, मावशीबाई पिशवी घेऊन घरी जाणार. ज्याच्या मोबाईलवर परवलीचा आकडा येतो तो मुलगा खोल पाण्यात गेलेला असला, तर तो आकडा दहा मिनिटांत मरतो आणि अर्जही त्याच्यासोबत मरतो.

ही दुःखे कोळीवाड्यापुरती आहेत असे मानण्याचे कारण नाही. राज्याच्या शिक्षण विभागाने २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आणल्यापासून विद्यार्थ्यांची माहिती भरता भरता किती शिक्षकांच्या रात्री गेल्या, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. विद्यार्थी वर्गात समोर बसलेला असतो. आधारवरील नावाशी शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही एवढ्यावरून तो पटावर धरावा की नाही असा प्रश्न उभा राहतो आणि त्यावर शिक्षकांच्या पदांची संख्या हेलकावे खाते. निवृत्तिवेतनधारकाला आपण जिवंत असल्याचे दरवर्षी सिद्ध करावे लागतच होते; २०१४ पासून ते यंत्रासमोर सिद्ध करण्याची सोय झाली. सोय खरोखरच मोठी आहे. पण यंत्राने ओळखले नाही तर समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसापेक्षा पडद्याच्या नकाराला अधिक वजन येते, आणि खिडकीतला कारकून खांदे उडवतो. त्या बिचाऱ्याचा तरी काय अपराध? त्याच्या हातातून शाई केव्हाच काढून घेतली आहे.

या शाईचा थोडा इतिहास आठवणे अगत्याचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हे देशी बनावटीचे गणकयंत्र १९६० साली चालू झाले, तेव्हा ते कौतुकाचा विषय होते. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने कचेरीच्या कामासाठी संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कडवा विरोध केला. बँकांतील झगडा पुढे १९८३ च्या करारापर्यंत चालला. गिरणी कामगारांचा १९८२ चा संप अजून विझायचा होता. यंत्र आणि बेकारी यांचे नाते लालबाग-परळला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. साहजिकच, वादाचा सारा भर नोकऱ्यांवर राहिला. व्यवस्थापनाने नोकरकपात होणार नाही अशी आश्वासने दिली, संघटनांनी भत्ते मिळविले, आणि संगणक आला. एक प्रश्न मात्र त्या वाटाघाटीच्या मेजावर कोणीही ठेवला नाही: यंत्रातील नोंद चुकीची निघाली तर ती कोण बदलणार, आणि बदलल्याची खूण कोठे राहणार? जुन्या खातेवहीत हे आपोआप होत असे. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारली जाई, वर तांबड्या शाईने खरा आकडा लिहिला जाई आणि बाजूला आद्याक्षरी होई. चूक दिसत राही, दुरुस्ती दिसत राही आणि जबाबदार माणूसही दिसत राही. जुन्या कचेरीत दिरंगाई होती, लाचलुचपत होती, साहेबाच्या लहरीवर फायली धूळ खात. तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण त्या दोन आद्याक्षरांची किंमत आपण फारच कमी लेखली, असे आता म्हणावे लागते.

तज्ज्ञांचे गणित आणि स्थानिकांचा अनुभव यांची समोरासमोर गाठ पडली की काय होऊ शकते, हे वरळीनेच दाखवून दिले आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. त्याला किनारी रस्त्याशी जोडणारा पूल वरळीच्या टोकाशी आखण्यात आला आणि क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवर त्याचे खांब आले. दोन खांबांतील अंतर आराखड्यात ६० मीटर होते. नियमांत ते बसत होते, अहवालही अनुकूल होते. होडीची रुंदी पाहिली तर ६० मीटर म्हणजे ऐसपैस दरवाजाच. कोळ्यांचे म्हणणे असे की, दरवाजातून जाणारी गाडी आणि लाटेवर असलेली होडी यांत फरक आहे. वारा आडवा असेल, लाट उचलत असेल आणि नेमके त्याच क्षणी इंजिन बंद पडले, तर होडी सरळ जात नाही. ती वाहत खांबाकडे येते. अंतर होडीच्या रुंदीवरून काढायचे नसते, तिच्या बेबंद होण्यावरून काढायचे असते. निदान १६० मीटर हवे, असा त्यांचा आग्रह होता. काम अडले, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले आणि गेले. अखेर २०२२ संपता-संपता शासन नमले. एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. मागितले तेवढे मिळाले नाही, पण गणित बदलले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये सेतू आणि रस्ता जोडणारी १३६ मीटर लांबीची, सुमारे २,००० टन वजनाची पोलादी कमान तराफ्यावरून आणून बसविण्यात आली, तेव्हा त्या कामालाही वारा आणि भरती-ओहोटी यांची वेळ पाहावीच लागली.

या लढ्याला यश येण्याची कारणे अनेक सांगता येतील. संघटना होती, चिकाटी होती, राजकारणही होते. परंतु एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खांब डोळ्यांना दिसतो. त्यातील अंतर मोजता येते, ते ठरविणारा अभियंता नावानिशी समोर बसविता येतो, त्याच्या बरोबरीने समुद्रावर जाता येते. शिधापत्रिकेच्या यादीतून रात्रीतून नाहीसे झालेल्या नावाच्या विरोधात होड्या घेऊन कोठे जायचे?

याचा अर्थ नव्या यंत्रांनी कोळ्यांचे काही भले केले नाही, असा काढणे हा कृतघ्नपणा ठरेल. नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळात कोकणातील कितीतरी मच्छिमार समुद्रात सापडले आणि अनेक घरी परतले नाहीत. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले ते फयानहून कितीतरी प्रबळ होते; पण हवामान खात्याचे इशारे दिवसच्या दिवस आधी आले, मोबाईलवरून आणि संस्थांमार्फत पोहोचले, आणि होड्या वेळीच किनाऱ्याला लागल्या. त्याच इशाऱ्यानंतर तेलक्षेत्रात थांबलेला पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरील ७० हून अधिक माणसे दगावली. संगणकाने दोघांनाही सारखेच सांगितले होते. मासळीबाजारातील मोबाईलवरचे पैसे हेही असेच. आलेली रक्कम मराठीत मोठ्याने बोलून दाखविणारी छोटी पेटी पाटीशेजारी ठेवली, आणि अक्षरओळख नसलेली कोळीण गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा पाहण्याच्या परावलंबनातून सुटली. ज्याने ही पेटी बोलती केली, त्याने बाजार पाहिला होता. तरीही पैसे अधांतरी अडकले तर काय, हा प्रश्न राहतोच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला की, यूपीआयने दुकानदाराला केलेला भरणा पोहोचला नाही तर तो पाच दिवसांच्या आत गिऱ्हाइकाला परत मिळावा आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता, जमा व्हावी. नियम उत्तम आहे. तो किती जणांना माहीत आहे, हे वाचकांनी आपल्या शेजारच्या बाकावर विचारून पाहावे.

आता होडीवरच उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसू लागले आहे. देशातील १ लाख यांत्रिक होड्यांसाठी आखलेल्या या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. मोबाईलचा संकेत जेथे पोहोचत नाही तेथून मदत मागता येणार, वादळाचा इशारा मिळणार. याचे मोल समुद्रात रात्र काढलेल्यालाच कळेल. होडी कोठे आहे हे मात्र त्यातून किनाऱ्यावरही कळते, आणि मासळीची जागा ही तांडेलाची खरी पुंजी असते. ती तो सख्ख्या व्याह्यालाही सांगत नाही. ही नोंद कोण पाहील, किती काळ ठेवील, उद्या दंड आकारताना तीच पुरावा म्हणून पुढे येईल काय, हे त्याने विचारले तर त्याला देशविरोधी समजू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छिमार नगरात उतरलेल्या अनोळखी तरुणांना प्रथम हटकले ते तेथील कोळ्यांनीच. त्या हल्ल्यानंतर ठशांची ओळखपत्रे वाटली गेली, तीही आधी कोळ्यांनाच.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून अमलात आहे. सेवा ठरावीक मुदतीत द्यावी, नाकारली तर कारण लेखी द्यावे, त्यावर दोन अपिले आणि पुढे आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागदावर याहून अधिक काय हवे? पण येथेच खरी मेख आहे. मुदत मोजली जाते अर्ज पोहोचल्यापासून. नावातील एक अक्षर जुळले नाही आणि पडद्याने अर्ज स्वीकारलाच नाही, तर पोच मिळत नाही; पोच नाही म्हणून अर्ज नाही; अर्ज नाही म्हणून नकार नाही; आणि नकारच झालेला नाही, तर अपील कशावर करायचे? पूर्वीचा कारकून अर्ज फेकून देई, तेव्हा निदान फेकणारा दिसे. आता कोणीच काही फेकलेले नसते. हे भोक बुजविणे अवघड नाही. यंत्राने अर्ज नाकारताच त्या नकाराची क्रमांकित पावती कारणासह, मराठीत, अर्जदाराच्या हातात पडावी आणि कायद्याने तोच अर्ज दाखल झाल्याचा दिवस मानावा. चार ओळींची दुरुस्ती आहे. तिला खर्च नाही. पण ती झाली की आज कोठेच न दिसणारे हजारो नकार कागदावर येतील, आणि बहुधा म्हणूनच ती करण्याची कोणाला घाई नाही.

पावतीसोबत माणूसही लागेल. पावसाळ्यात जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, इंजिने खोलली जातात, जाळी उसवून पुन्हा विणली जातात. घरातील पुरुष माणसे हाताशी असण्याचा आणि मोबाईल किनाऱ्यावर असण्याचा हाच काळ. याच दिवसांत नोंद बदलण्याचा पूर्ण अधिकार असलेला एक अधिकारी, नुसता माहिती भरणारा मुलगा नव्हे, आठवड्यातून दोन दिवस मच्छिमार संस्थेच्या कचेरीत येऊन बसावा. ठसा जुळत नसेल तर शेजारचे दोन साक्षीदार घेऊन त्याने ओळख मान्य करावी. चुकलेली नोंद पुसून न टाकता जुनी आणि नवी दोन्ही रूपे यंत्रात राहावीत, बदलणाऱ्याचे नाव त्यांच्यापुढे यावे. आणि 'ळ' गाळलेली 'कोली' ही नोंद तेथेच, अर्जदाराच्या देखत, 'कोळी' व्हावी.